स्टॅगचा ताप

ट्रायम्फ स्टॅग ही ब्रिटिश स्पोर्ट्स मोटार जून १९७० मध्ये बाजारात आली आणि १९७७ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या सात वर्षांत कॉव्हेंट्रीतील कॅन्ली कारखान्यातून सुमारे २६ हजार गाड्या बाहेर पडल्या. आठ सिलिंडरांची, चौघांना बसता येईल अशी, छप्पर उघडणारी ही गाडी दिसायला अतिशय देखणी होती. १९७१ च्या ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’ या जेम्स बाँडपटातही ती झळकली. तरीही मोटारींच्या इतिहासात तिचे नाव राहिले ते इंजिन तापण्यामुळे. २००७ मध्ये ‘टाइम’ मासिकाने आजवरच्या सर्वांत वाईट ५० मोटारींची यादी प्रसिद्ध केली, तीत स्टॅगचा समावेश होता.

हा निकाल अर्धाच खरा आहे. स्टॅगच्या इंजिनात दोष होते, पण एकच एक मोठा दोष नव्हता. आराखड्यातला एक, ओतकामातला एक, जुळणीतला एक, निगेतला एक असे निरनिराळे दोष एकत्र आले होते आणि त्या सगळ्यांचे बाह्य लक्षण एकच होते : तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकणे. एक दोष काढला की गाडी काही दिवस बरी चाले आणि पुन्हा तापे. मग दुरुस्ती करणारा आणि मालक दोघेही ‘हे इंजिनच असे आहे’ असे म्हणून मोकळे होत. हे दोष एकमेकांपासून वेगळे करून ओळखायला कित्येक वर्षे गेली, आणि ते काम मुख्यतः कारखान्याच्या बाहेर झाले.

इंजिन तापणे ही गोष्ट मोटारीइतकीच जुनी आहे. पेट्रोल इंजिनात इंधन जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा पाव ते एक तृतीयांश भागच गाडी हलवण्याच्या कामी येतो. उरलेल्यातला मोठा वाटा धुराबरोबर निघून जातो आणि जवळपास तेवढाच सिलिंडरच्या भिंतींमधून पाण्यात उतरतो. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीत हे पाणी सरळ उकळून वाफ होऊन उडून जाई आणि वाटेत पुन्हा भरावे लागे. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ६ मिलिमीटर रुंदीच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत सुरुवातीला पाण्याचा पंप होता, पण पहिल्या काही हजार गाड्यांनंतर तो काढून टाकला गेला. गरम पाणी आपोआप वर चढते आणि थंड झालेले खाली उतरते, एवढ्याच तत्त्वावर पुढच्या लाखो गाड्या धावल्या.

पुढे पंप परत आला. थंड इंजिन लवकर गरम व्हावे म्हणून पाण्याची वाट अडवून धरणारा थर्मोस्टॅट आला. १९२७ मध्ये अमेरिकेत ‘प्रेस्टोन’ या नावाने इथिलीन ग्लायकोलचे अँटिफ्रीझ विकले जाऊ लागले. रेडिएटरला दाब धरून ठेवणारे झाकण बसले. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वर जातो. चौरस इंचाला १५ पौंड जादा दाब असेल तर साधे पाणी १०० ऐवजी सुमारे १२१ अंश सेल्सिअसला उकळते. त्यामुळे लहान रेडिएटरमध्ये भागू लागले आणि बोनेट खाली आणता आले. स्पोर्ट्स मोटारींना हेच हवे होते.

पण या प्रगतीबरोबर एक गोष्ट हरवली. बेंझच्या गाडीत पाणी संपत आले की डोळ्यांना दिसे. बंद आणि दाबाखालच्या व्यवस्थेत मात्र पाणी किती आहे, कुठे अडले आहे, हवा कुठे साचली आहे यातले काहीच दिसत नाही. डॅशबोर्डावरचा एक काटा तेवढा दिसतो आणि तोही नेहमी खरे सांगतोच असे नाही. निदान ही वेगळी कारागिरी झाली ती इथून.

स्टॅगचा जन्म योगायोगाने झाला. इटालियन रेखाकार जोव्हान्नी मिकेलोत्ती याने १९६० च्या दशकाच्या मध्यास ट्रायम्फचे अभियांत्रिकी प्रमुख हॅरी वेब्स्टर यांच्याकडे एक जुनी ट्रायम्फ २००० गाडी मागितली. तिच्यावर नवी बॉडी चढवून ती प्रदर्शनात मांडायची त्याची इच्छा होती. आपल्याला आवडली तर ही गाडी कंपनीची, अशी अट वेब्स्टर यांनी घातली. गाडी त्यांना आवडली आणि ती प्रदर्शनात गेलीच नाही. याच मिकेलोत्तीने रेखाटलेली ट्रायम्फ हेरल्ड मद्रासच्या कारखान्यात ‘स्टँडर्ड हेरल्ड’ म्हणून १९६१ पासून तयार होत होती. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला दोन दारांची ती छोटी गाडी आठवत असेल. स्टॅग ही तिची श्रीमंत धाकटी बहीण म्हणता येईल.

इंजिन मात्र नवेच होते. ट्रायम्फने ४५ अंशांत कललेले चार सिलिंडरांचे एक इंजिन आखले होते. स्वीडनच्या साब कंपनीने आपल्या ‘९९’ या मोटारीसाठी तेच घेतले. अशी दोन कललेली इंजिने एका तळाशी जोडली की ९० अंशांचा व्ही तयार होतो, आणि स्टॅगचे इंजिन तसेच बनले. आधी ते अडीच लिटरचे होते. नंतर सिलिंडर रुंद करून २,९९७ घनसेंटिमीटरपर्यंत नेले गेले आणि त्याची शक्ती १४५ अश्वशक्ती झाली. ब्लॉक बिडाचा आणि दोन्ही हेड अॅल्युमिनियमचे होते. १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड या महाकाय कंपनीची स्थापना झाली तेव्हा रोव्हरचे साडेतीन लिटरचे, पूर्ण अॅल्युमिनियमचे आणि रस्त्यावर सिद्ध झालेले आठ सिलिंडरी इंजिन त्याच घरात आले होते. तरीही स्टॅगला स्वतःचेच इंजिन मिळाले. या निर्णयावर आजही वाद झडतात. एवढे मात्र स्पष्ट आहे की नव्या इंजिनाचे उरलेले दोष निपटायला जो वेळ आणि पैसा लागतो तो पुढच्या काळात त्याच्या वाट्याला आला नाही.

पहिला दोष पंपाच्या जागेचा. बहुतेक इंजिनांत पाण्याचा पंप पुढच्या बाजूला, मध्यावर किंवा खाली असतो. स्टॅगमध्ये तो व्हीच्या खोबणीत, इंजिनाच्या माथ्याजवळ बसवला होता आणि आतल्या एका शाफ्टवरच्या दातेरी चाकावर फिरत होता. पट्टा तुटण्याची भीती त्यामुळे उरली नाही, पण दुसरेच संकट उभे राहिले. पाणी कमी झाले की सर्वांत आधी उंचावरचा भाग कोरडा पडतो, आणि इथे उंचावर पंपच होता. गर्दीत अडकलेली गाडी जरा तापली, झाकणातून थोडे पाणी बाहेर पडले, रात्री इंजिन थंड झाले की उरलेल्या पाण्याची पातळी पंपाच्या खाली जाई. सकाळी पंप हवेत फिरे. सील झिजे, पाणी आणखी गळे आणि पुढच्या वेळी इंजिन आणखी लवकर तापे. सुरुवातीच्या काही पंपांची दातेरी चाकेही पुरेशी टणक नव्हती, ती झिजून पंप फिरायचाच थांबे. साबच्या गाडीतही पंपाची रचना याच घराण्यातली होती आणि तिथेही तक्रारी आल्या. साबने १९७२ पासून हे इंजिन स्वतःच्या पद्धतीने सुधारून स्वीडनमध्ये बनवायला घेतले. एकाच मुळातून निघालेल्या दोन इंजिनांचे नशीब असे वेगळे झाले.

दुसरा दोष ओतशाळेतला. ब्लॉक ओतताना आतल्या पाण्याच्या वाटा रिकाम्या राहाव्यात म्हणून वाळूचे गाभे ठेवतात आणि ओतकाम झाल्यावर ती वाळू पूर्ण काढून टाकतात. स्टॅगच्या अनेक ब्लॉकांतून ती नीट काढलीच गेली नाही. कारखान्यातून निघालेल्या कोऱ्या गाडीच्या पोटातच वाळू आणि तिच्यातल्या तारांचे तुकडे राहिले. पाणी फिरू लागले की ते वाहत जाऊन अरुंद वाटांत आणि रेडिएटरच्या नळ्यांत अडकत. गाडी विकत घेतल्यावर काही महिन्यांत तापू लागली तर मालकाला आपले काय चुकले हे कधीच कळत नसे, कारण त्याचे काही चुकलेलेच नव्हते.

तिसरा दोष हेडच्या जोडणीचा. प्रत्येक हेड ब्लॉकला जखडणाऱ्या जोडण्यांपैकी निम्मे सरळ उभे बोल्ट होते आणि निम्मे तिरके स्टड. जुळणी सोपी आणि स्वस्त व्हावी हा त्यामागचा हेतू होता. पण दोन दिशांनी ओढ बसल्याने गरम-थंड होताना हेड किंचित बाजूला सरकू पाहतो आणि मधले गॅस्केट चिरडते. शिवाय पोलादी स्टड अॅल्युमिनियमच्या भोकात गंजून असे धरतात की हेड सोडवताना कारागिराचे दिवसच्या दिवस जातात. ज्या इंजिनाचे हेड एकदा फार तापून वाकले, त्याची दुरुस्ती म्हणूनच इतकी महाग पडे की पुष्कळ मालक तिथेच हात टेकत.

चौथा दोष यंत्रातला नव्हता, सवयीतला होता, आणि सर्वांत जास्त नुकसान बहुधा त्यानेच केले. बीड आणि अॅल्युमिनियम हे दोन भिन्न धातू एकाच पाण्यात भिजत राहिले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि अॅल्युमिनियम झिजू लागते. त्यातून निघणारा पांढरट चिकट गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. हे टाळायचे तर गंजरोधक मिसळलेले अँटिफ्रीझ बाराही महिने हवे. पण ब्रिटनमधल्या मालकांची आणि विक्रेत्यांची सवय जुन्या, पूर्ण बिडाच्या इंजिनांवर पोसलेली होती : हिवाळा आला की अँटिफ्रीझ भरायचे, वसंतात ते काढून साधे पाणी घालायचे. अँटिफ्रीझ म्हणजे गोठण्यावरचे औषध, एवढाच त्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता. प्रत्येक उन्हाळ्यात स्टॅग साध्या पाण्यावर चाले आणि आतून स्वतःलाच खात राही.

ही सवय फक्त ब्रिटनची नव्हती. महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, तेव्हा अँटिफ्रीझ हवेच कशाला, असे मानून रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा नळाचे पाणी भरण्याची रीत कित्येक दशके चालली. खंडाळ्याच्या घाटात बोनेट उघडून, हातात डबा घेऊन उभे असलेले मोटारवाले हे एके काळी नेहमीचे दृश्य होते. अॅम्बेसडरच्या बिडाच्या हेडला हे पाणी बरेच सोसले. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा हेड अॅल्युमिनियमचा होता, तिला ते तितके सोसले नाही.

असे दोष एकात एक गुंतले होते. वाळूने वाट अडली की इंजिन तापे, पाणी बाहेर पडे, पंप कोरडा पडे, गॅस्केट उडे. गॅरेजात गाडी आली की दिसणारे उडालेले गॅस्केट बदलले जाई आणि अडलेली वाट तशीच राही. गॅस्केट हा परिणाम होता, पण बिल ‘कारण’ म्हणून त्याचेच निघे.

१९८० च्या सुमारास या गाड्या स्वस्तात मिळू लागल्या आणि निदानाचा खरा इतिहास तिथून पुढे सुरू झाला. ब्रिटनमधला स्टॅग ओनर्स क्लब, मासिके आणि केवळ याच गाडीवर काम करणाऱ्या थोड्या कारागिरांनी मोडलेली इंजिने उघडून पाहिली, अनुभवांची देवाणघेवाण केली आणि हळूहळू तपासणीचा एक क्रम बसवला. तो क्रम कोणत्याही जुन्या स्पोर्ट्स मोटारीला लागू पडतो.

त्यात सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न असा : गाडी खरोखर तापते आहे का? त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत तापमानाचा आणि पेट्रोलचा काटा एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालत. बॅटरीचा दाब कमी-जास्त झाला तरी काट्यांना सरासरी १० व्होल्ट मिळावेत हे त्याचे काम. तो बिघडला की दोन्ही काटे एकदम वर चढू शकतात. पेट्रोलची टाकी अर्धी असताना काटा भरलेली दाखवू लागला तर तापमानाच्या काट्यावरही विश्वास ठेवता येत नाही. याच्या उलट प्रकार अधिक घातक आहे. पाणी इतके कमी झाले की काट्याचा सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडला, तर काटा खाली येतो. चालकाला वाटते इंजिन निवले. प्रत्यक्षात ते कोरडे जळत असते. जाणते कारागीर म्हणूनच काट्याच्या चढण्यापेक्षा त्याच्या अचानक पडण्याला जास्त घाबरतात.

नंतर गाडी केव्हा तापते हे पाहतात. गर्दीत, उभ्या उभ्या तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर निवत असेल तर वारा कमी पडतो आहे. स्टॅगमध्ये पंखा चिकट सिलिकॉन तेलाने भरलेल्या जोडणीमार्फत फिरे. वयानुसार ते तेल गळते आणि पंखा नावापुरता फिरत राहतो. गरम इंजिन बंद केल्यावर पंखा हाताने फिरवून पाहिला आणि तो मोकळा गरगरला, तर दोष तिथे आहे. पुष्कळ मालकांनी हा पंखा काढून विजेचा बसवला. याउलट गाडी वेगात किंवा चढावर तापत असेल तर वारा भरपूर आहे, पाणी पुरेसे फिरत नाही. अशा वेळी रेडिएटरच्या जाळीवर ठिकठिकाणी तापमान मोजतात. मध्येच थंड पट्टा लागला तर त्या नळ्या बुजलेल्या आहेत. सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा धावत असेल तर संशय थर्मोस्टॅटवर, आत अडकलेल्या हवेवर किंवा गॅस्केटवर जातो.

थर्मोस्टॅटची परीक्षा स्वयंपाकघरातही होते. पातेल्यात पाणी तापवून त्यात तो दोरीने टांगायचा, थर्मामीटर ठेवायचा आणि ठरलेल्या तापमानाला तो उघडतो का ते पाहायचे. जुने फुग्याचे थर्मोस्टॅट फुटले की उघडे राहात. नंतरचे मेणाचे बिघडले की सहसा बंद राहतात, त्यामुळे त्यांचा बिघाड जास्त महागात पडतो. तो काढूनच टाकणे हा आपल्याकडचा आवडता उपाय मूळ दुखणे झाकतो आणि इंजिन कायम थंड ठेवून झिजवतो.

रेडिएटरचे झाकण हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. त्याचे रबर कडक झाले की दाब धरत नाही, पाणी लवकर उकळते आणि बाहेर पडते. इंजिन निवताना बाहेर गेलेले पाणी ते साठवणाऱ्या बाटलीतून परत ओढले गेले पाहिजे. पण बाटलीची नळी कुठे चिरलेली असेल तर पाण्याऐवजी हवा आत येते. स्टॅगच्या उंच पंपाला एवढी हवाही पुरेशी घातक आहे. पाणी भरतानाही ती आत राहू शकते, म्हणून हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून, गाडीचे तोंड उंच करून, सर्वांत वरच्या जागेतून सावकाश भरतात. पुढे अनेकांनी उंचावर वेगळी टाकी बसवली आणि पातळी घटताच दिवा लावणारी सूचना जोडली. कारखान्याने करायला हवी होती अशी ही दुरुस्ती होती.

गॅस्केटसाठी अंदाज पुरत नाही. जळलेला वायू पाण्यात शिरत असेल तर रेडिएटरच्या तोंडाशी बसवलेल्या नळीतले निळे द्रव्य पिवळे होते. ते कार्बन डायऑक्साइडला प्रतिसाद देते. तेलात दुधासारखा फेस, गरम इंजिनाच्या पाण्यात सतत येणारे बुडबुडे, शेजारच्या दोन सिलिंडरांचे एकदम घटलेले कॉम्प्रेशन ही त्याची इतर चिन्हे. इग्निशनचे टायमिंग मागे पडले असेल किंवा मिश्रणात पेट्रोल कमी असेल, तर थंड करण्याची व्यवस्था निर्दोष असूनही इंजिन तापते. हे तपासायला काही मिनिटे लागतात, तरी बहुतेक ठिकाणी ते शेवटी तपासले जाते.

आणि शेवटी ब्लॉक. खालचे ड्रेन प्लग काढले की पाणी धारेने बाहेर आले पाहिजे. स्टॅगमध्ये पुष्कळदा एक थेंबही येत नसे. आत तार घालून खरवडल्यावर आधी तपकिरी चिखल आणि मग पाणी येई. रेडिएटर कितीही मोठा बसवला तरी हा चिखल जागचा हलत नाही. ज्या मालकांची गाडी मोठा रेडिएटर, दोन पंखे, नवा पंप असा खर्च करूनही तापतच राहिली, त्यांच्या इंजिनांत अनेकदा हाच चिखल सापडला.

दरम्यान अनेक मालकांनी दुसरा मार्ग धरला होता. त्यांनी स्टॅगचे इंजिन उचलून बाहेर काढले आणि रोव्हरचे आठ सिलिंडरी, फोर्डचे तीन लिटरचे सहा सिलिंडरी किंवा ट्रायम्फचेच सहा सिलिंडरी इंजिन बसवले. त्या वेळी हा शहाणपणाचा निर्णय मानला गेला. आज चित्र उलटे आहे. गाळ पूर्ण काढलेला ब्लॉक, नवी गॅस्केट, सुधारलेल्या पात्यांचा पंप आणि बारमाही गंजरोधक असलेली मूळ इंजिनाची स्टॅग ब्रिटनमधल्या ऑगस्टच्या उन्हातही न तापता धावते, आणि बाजारात बदललेल्या इंजिनाच्या गाडीपेक्षा तिलाच जास्त किंमत मिळते.